14 ब्रासचा हौदा

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात कोल्हापुरातल्या आमच्या शेडवर एक सहाचाकी ट्रक आला. गाडी 2019 सालची, 18.5 टन पासिंगची (म्हणजे मालासकट एकूण इतक्या वजनाची परवानगी), मागे 22 फुटी लाकडी हाफ बॉडी. मालक कणकवलीकडचे. आजवर ही गाडी घाटावरून साखर आणि सिमेंट खाली न्यायची आणि येताना चिरा, म्हणजे जांभ्या दगडाचे ठोकळे, भरून वर यायची. आता मालकांना इचलकरंजीच्या एका प्रोसेस युनिटला बॉयलरसाठी लाकडाच्या चिप्स पुरवायचं काम मिळालं होतं. काजूच्या जुन्या बागा, अकेशियाची तोड, वखारीत उरणाऱ्या सालीच्या कडा हे सगळं ट्रॅक्टरवर चालणाऱ्या चिपरमधून (लाकडाचे बारीक तुकडे करणाऱ्या यंत्रातून) काढायचं आणि फोंडा घाट, दाजीपूर, राधानगरी असं करत वर आणायचं. जुन्या हौद्यात कामट्या उभ्या करून, जाळं बांधून त्यांनी दोन खेपा केल्याही होत्या. दोन्ही वेळा काट्यावर माल पाच टनांच्या आतच भरला. डिझेल मात्र भरल्या गाडीसारखंच गेलं.

त्यांची मागणी एका वाक्यात संपली: "भाऊ, बाजू वाढवून द्या, नियमात बसेल तेवढ्या उंच."

मी हौद्याची आखणी करून देतो, जोडकाम मिस्त्री करतात. आम्ही दोघांनी मिळून उसाचे, कोंबड्यांचे, भुश्याचे हौदे केले आहेत. पण या गाडीने मला जे शिकवलं ते आधीच्या कुठल्याच कामात इतकं स्पष्ट दिसलं नव्हतं, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

उंचीचा हिशेब सरळ होता. केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या 2020 च्या जूनमधल्या दुरुस्तीनंतर मालवाहू गाडीला जमिनीपासून 4 मीटर उंची चालते, त्याआधी ती 3.8 मीटर होती. रुंदीची मर्यादा 2.6 मीटर. या गाडीची फळी जमिनीपासून 1.35 मीटरवर होती. वर ताडपत्री आणि तिच्या कमानीसाठी चार इंच सोडले तर आत 2.55 मीटर, म्हणजे साधारण 8.4 फूट उंची मिळते. 22 फूट लांबी, साडेसात फूट रुंदी आणि ही उंची यांचा गुणाकार होतो 1,386 घनफूट. आपल्याकडे वाळू-खडी ब्रासमध्ये मोजतात आणि एक ब्रास म्हणजे 100 घनफूट, तेव्हा हा हौदा झाला जवळजवळ 14 ब्रासचा. मालक खूश झाले. नवी बॉडी धरून रिकामी गाडी 7 टनांच्या आसपास जाणार होती, म्हणजे माल साडेअकरा टन. 14 ब्रास चिप्स आणि साडेअकरा टन, बरोबर जुळतं आहे असं पहिल्यांदा मलाही वाटलं.

मग मिस्त्रींनी विचारलं, "साहेब, चिप्स कुठल्या? आत्ताच्या का जुलैतल्या?"

सगळं काम या प्रश्नापाशी येऊन थांबलं. चिऱ्याचं वजन बारमाही एकच. चिप्सचं तसं नाही. तीन-चार आठवडे छपराखाली राहिलेल्या, साधारण 20 टक्के ओल असलेल्या चिप्स घनमीटरला 220 किलोच्या आसपास भरतात. झाड आज पाडलं आणि आजच चिपरमध्ये घातलं तर ओल 50 टक्क्यांपर्यंत जाते आणि त्याच घनमीटरचं वजन 330 किलो होतं. वरून पाऊस खाल्लेला ढीग असेल तर 380 किलोही होतं. हौदा तोच, डोळ्यांना दिसणारा ढीगही तोच. सुक्या चिप्स काठोकाठ भरल्या तर 8.6 टन, ओल्या भरल्या तर 13 टन. साडेअकरा टनांवर हा दीड टन जादा झाला. 2019 च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्यानंतर जादा वजनाला 20,000 रुपये दंड आहे, वर प्रत्येक जादा टनाला आणखी 2,000 रुपये. पण खरी भीती फोंडा घाटाची. तिथे दीड टन जादा वजन सगळ्यात आधी ब्रेकला कळतं.

म्हणून दोनच वाटा उरत होत्या. एक, हौदा ओल्या मालाच्या मापाने करायचा, म्हणजे दीड-दोन फूट ठेंगणा, आणि सुक्या हंगामात कायम कमी माल न्यायचा. दोन, हौदा पूर्ण उंचीचा करायचा आणि कुठवर भरायचं हे दर खेपेला ठरवायचं. आम्ही दुसरी वाट घेतली. त्यामागे आणखी एक हिशेब होता, तो मी मालकांना कागदावर करून दाखवला. बॉयलरला वजन नको असतं, उष्णता हवी असते. 20 टक्के ओलीच्या लाकडातून किलोमागे साधारण 3,300 किलोकॅलरी हाती लागतात. 50 टक्के ओलीच्या लाकडातून 1,850 च्या आसपासच, कारण बाकीची उष्णता आतलं पाणी उडवण्यात जाते. आता 8.6 टन सुका माल आणि साडेअकरा टन ओला माल समोरासमोर ठेवा. सुकी गाडी जवळपास तीन टन हलकी असूनही एक तृतीयांश जास्त उष्णता घेऊन जाते. उंच हौद्याचा खरा उपयोग हा आहे. तो जास्त वजनासाठी नसून सुक्या मालासाठी आहे. मालक बराच वेळ त्या कागदाकडे बघत बसले. पैसे त्यांना टनावर मिळणार होते.

भरण्याची खूण कशी करायची यावर दोन दिवस गेले. आतल्या पत्र्यावर दोन रंगीत पट्टे ओढले. पिवळा पट्टा काठाच्या 14 इंच खाली, ताज्या ओल्या चिप्ससाठी. लाल पट्टा 26 इंच खाली, पावसात भिजलेल्यांसाठी. कुठला पट्टा पाळायचा हे ठरवायला 20 लिटरची रंगाची रिकामी बादली आणि हातातला स्प्रिंगकाटा. बादली चिप्सनी भरायची, वीतभर उंचीवरून तीनदा जमिनीवर आपटायची, खाली बसलेली जागा पुन्हा भरून काठाला सपाट करायची आणि तोलायची. बादलीचं वजन वजा करून साडेचार किलोच्या आत भरलं तर काठोकाठ भरा. साडेसहाच्या आसपास असेल तर पिवळा. सात किलोच्या पुढे गेलं की लाल. आपटणं महत्त्वाचं, कारण हौद्यात माल वरून पडतो आणि रस्त्यावर हादऱ्यांनी आणखी बसतो, तर सैल भरलेली बादली खोटं बोलते. ड्रायव्हर अण्णांनी ही पद्धत पहिल्या दिवशीच उचलली. त्यांचा काट्यावरचा अंदाज आणि बादलीचा अंदाज यांत फरक पडला तर ते मला फोन करतात, आणि मला ते फार आवडतं.

बांधणी

चिप्स हलक्या, म्हणून बाजू कशाही चालतील असा समज असतो. पण ओल्या चिप्सचा ढीग अडीच मीटर उंच असला की एका बाजूच्या भिंतीवर एकूण साधारण तीन टनांचा रेटा येतो, आणि तोही बराचसा तळाकडे. भिंत 22 फूट लांब. मधे फुगली की रुंदीची मर्यादा मोडते आणि फुगलेला पत्रा परत सरळ होत नाही. म्हणून 60 बाय 40 च्या बॉक्स पाइपाचे खांब, दर पावणेतीन फुटांवर एक, आणि सगळे बाहेरच्या बाजूने. आतली बाजू गुळगुळीत राहिलीच पाहिजे. आत एखादी आडवी पट्टी राहिली तर रिकामं करताना चिप्स तिथेच अडकून राहतात. वर दोन ठिकाणी आडव्या साखळ्या दोन्ही भिंतींना बांधून ठेवतात. भरताना त्या काढता येतात.

सगळ्या बाजू 2 मिलिमीटर पत्र्याने झाकल्या असत्या तर नुसता पत्राच 700 किलोंच्या वर गेला असता. रिकाम्या गाडीचा प्रत्येक किलो म्हणजे गाडीच्या आयुष्यभर दर खेपेला एक किलो माल कमी. म्हणून खालचे चार फूट पत्रा आणि वर वेल्ड जाळी, जाळीच्या आतून शेडनेट. मिस्त्री नुसत्या जाळीवर समाधानी होते. मी शेडनेटचा आग्रह धरला, कारण बारीक ढलपी आणि भुसा वाऱ्याने उडून मागच्या दुचाकीवाल्याच्या डोळ्यांत जातो. मी स्वतः राधानगरी रस्त्यावर भुश्याच्या गाडीमागे अडकलो आहे. डोळे मिटावे लागतील असा माल रस्त्यावर सोडणं मला कधीच पटलं नाही. शिवाय शेडनेटमधून वाफ बाहेर जाते.

हौदा पुढे अरुंद आणि मागे दोन इंच रुंद केला. चौकोनात इतका फरक डोळ्याला कळतही नाही, पण माल मागे सरकायला लागला की दर फुटाला तो भिंतीपासून थोडा सुटत जातो. सरळ हौद्यात तोच माल बुचासारखा बसतो.

मागे एकसंध फाळका (खाली पडणारं मागचं झाकण) ठेवला नाही. साडेआठ फुटांचा फाळका वर उचलायचा कसा आणि खाली पाडायचा कसा? दोन उभे पल्ले केले, कंटेनरला असतात तसे उभे रॉड-लॉक लावून. दांडा बाजूने ओढायचा. मागे उभं राहून कोणी उघडायचं नाही, कारण आतल्या मालाचा रेटा पल्ल्यावर असतो आणि लॉक सुटताच पल्ला झटक्याने येतो. हे वाक्य मी पल्ल्यावर रंगाने लिहून घेतलं आहे, कणकवलीत आणि इचलकरंजीत वेगवेगळे हमाल असतात म्हणून.

चॅसीला कुठेही वेल्डिंग केलं नाही. रनर (हौद्याखालच्या लांब तुळया) आणि चॅसी यांच्यात रबराची पट्टी, वर यू-बोल्ट आणि ब्रॅकेट. शेडमध्ये वेल्डिंग सुरू होण्याआधी बॅटरीच्या दोन्ही वायरी आणि इंजिनच्या कंट्रोल युनिटचा सॉकेट काढून ठेवला. नव्या गाड्यांत हे विसरणाऱ्यांचं नुकसान मी पाहिलं आहे.

भरणं आणि रिकामं करणं

चार मीटर उंच भिंतीच्या आत जेसीबी चिप्स टाकणार कसा? तिची पुढची बकेट साधारण 2.7 मीटरवरून माल ओतते. मी एका बाजूच्या वरच्या जाळ्या बिजागरीवर घ्यायचं सुचवलं, म्हणजे खालच्या पत्र्यावरून माल आत जाईल. मिस्त्री म्हणाले, "मग वरचा अर्धा भरणार कोण?" बरोबर होतं. बिजागरी रद्द झाली. मालकांनी डेपोवर मुरूम टाकून पाच फुटांचा उंचवटा करून घेतला. जेसीबी त्यावर चढते आणि निवांत वरून ओतते. गाडीत दोन बिजागऱ्या घालण्यापेक्षा जमिनीत मुरूम घालणं केव्हाही हलकं.

रिकामं करण्याची गोष्ट मात्र सोपी झाली नाही, आणि तिथली चूक माझी होती.

पाच हमाल फावड्यांनी ही गाडी चार तासांत रिकामी करतात. म्हणजे संध्याकाळी पोचलेली गाडी दुसऱ्या दिवशी दुपारीच सुटणार. मालकांना टिपर हवा होता. मी नको म्हटलं. हायड्रॉलिक जॅक आणि सबफ्रेमचं वजन टनाच्या घरात जातं. त्याहून मोठं कारण असं की 22 फुटी उंच हौदा मऊ जमिनीवर उचलला आणि माल एका बाजूला अडकून राहिला तर गाडी आडवी होते. चिप्स एकमेकींत अडकून बसतात. बराच वेळ काहीच सरकत नाही, मग सगळं एकदम सुटतं.

त्याऐवजी तळाला रबरी पट्टा अंथरायचं ठरलं. साखर कारखान्यांत बगॅस, म्हणजे उसाची चिपाडं, वाहणाऱ्या कॅरियरवर जे रबरी पट्टे असतात ते झिजल्यावर भंगारात मिळतात. दोन पट्टे शेजारी शेजारी, गुळगुळीत पत्र्यावर, पुढच्या टोकाला एक उभी सरकती चौकट आणि मागच्या टोकाला वायररोप. युनिटमधल्या ट्रॅक्टरने रोप ओढला की पट्टा, चौकट आणि माल असं सगळं एकत्र मागे यायला हवं.

पहिल्या दिवशी नऊ टन माल होता. ट्रॅक्टरची चाकं जागीच फिरली. मग जेसीबी लावली. पट्टा दोन फूट सरकला आणि रोपाजवळचे बोल्ट पट्ट्याचं रबर फाडून बाहेर आले. सुटलेला रोप सटकन येऊन मागच्या पल्ल्यावर आदळला. पल्ल्याच्या पत्र्यात मुठीएवढा खड्डा पडला. तिथे दोन मिनिटांपूर्वी एक पोरगा उभा होता. त्या रात्री मला झोप लागली नाही.

चूक दोन ठिकाणी होती. रोपाला मी पट्ट्यामागे दोनच बोल्ट दिले होते, सगळा ताण त्या दोन भोकांवर आला. आणि घर्षणाचा हिशेब मी पट्ट्याच्या नव्या, कोरड्या स्थितीवर धरला होता. एका बाजूला नऊ टन, तळाचं घर्षण तीन टनांच्या आसपास, वर भिंतींचा धरून ठेवणारा भाग. ट्रॅक्टरच्या आवाक्यातलं हे काम नव्हतंच.

दुरुस्ती अशी केली. पट्टा आडवा कापून दोन भाग केले, मागचा दहा फुटांचा आणि पुढचा बारा फुटांचा. पुढच्या भागाचा रोप मागच्या पट्ट्याखालून, कडेने काढला. आधी मागचा अर्धा माल ओढायचा, मग पुढचा. ओढण्याचा जोर निम्म्याच्या आसपास आला. प्रत्येक रबरी पट्ट्याचं टोक दोन जाड लोखंडी पट्ट्यांमध्ये पूर्ण रुंदीभर दाबलं आणि नऊ बोल्ट घातले. रोपाच्या मधोमध जुनं पोतं बांधतो, तुटला तर उडू नये म्हणून. आणि ओढताना रोपाच्या रेषेत आणि दोन्ही बाजूंना दहा-दहा फूट कोणी नसावं, हे अण्णा शिट्टी वाजवून बघतात, मगच जेसीबीला हात करतात. आता गाडी वीस-पंचवीस मिनिटांत रिकामी होते. कोपऱ्यांत राहिलेलं दोन हमाल झाडून काढतात.

घाट आणि कागद

उंच हौद्याने गाडीचा गुरुत्वमध्य वर जातो. तितक्याच वजनाचा चिरा भरला तर भरल्या गाडीचा मध्य जमिनीपासून दीड मीटरच्या थोडा वर असतो. चिप्स भरल्यावर तो दोन मीटरच्या पुढे गेला. वळणावर हा अर्धा मीटर फार मोठा. चिरा घेऊन जी वळणं अण्णा सवयीने घेत होते ती आता एक गियर खाली घेतात. दाजीपूरच्या जंगलात रात्री गवे रस्त्यावर येतात. तिथे अचानक चाक वळवायचं नाही, सरळ रेषेत ब्रेक मारायचा, असं आम्ही बसून ठरवलं. जमलं तर ती पट्टी दिवसाउजेडीच ओलांडायची.

मालकांना सुरुवातीला आरटीओकडे जाणं जास्तीचं काम वाटत होतं. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 याबाबत स्पष्ट आहे. आरसीवर नोंदलेल्या गाडीत असा मोठा बदल करायचा तर आधी परवानगी हवी आणि नंतर नोंद. आम्ही आधी नकाशा दिला, काम झाल्यावर गाडी दाखवली, रिकाम्या गाडीचं काट्यावरचं नवीन वजन आरसीवर चढवलं आणि विमा कंपनीला लेखी कळवलं. मागून धडकणारी गाडी खाली घुसू नये म्हणून असतो तो मागचा अडथळा, बाजूचे गार्ड, मागे लाल आणि बाजूला पिवळी परावर्तक पट्टी हे सगळं नव्या मापाप्रमाणे पुन्हा लावलं. अपघात झाला आणि आरसीवर हाफ बॉडी असताना रस्त्यावर चार मीटरचा हौदा निघाला, तर विम्याच्या माणसासमोर बोलायला तोंड राहत नाही.

काट्यावर रिकामी गाडी 7,040 किलो भरली. माझ्या अंदाजापेक्षा 40 किलो जास्त. त्यातले बरेचसे त्या बोल्ट आणि लोखंडी पट्ट्यांचे, आणि ते मी आनंदाने घेतले.

पावसाळ्यात जे कळलं

जूनच्या शेवटी एकदा बॉयलर बंद असल्याने भरलेली गाडी तीन दिवस युनिटच्या आवारात उभी राहिली. चौथ्या दिवशी सकाळी ताडपत्री काढली तर ढिगातून वाफ येत होती. आत हात घातला तर चटका बसत होता. ओल्या चिप्स आतल्या आत कुजायला लागल्या की तापतात. आता नियम केला आहे, ओला माल हौद्यात एका रात्रीपेक्षा जास्त ठेवायचा नाही.

पत्रा आणि जाळी जिथे मिळतात त्या सांध्यावर ऑगस्टमध्येच गंज दिसला. लाकडाचं काळं पाणी, टॅनिन, आणि वरून कोकणाची हवा. तळाला पाणी जायला भोकं ठेवली होती, या सांध्यात ठेवली नव्हती. दिवाळीआधी तो सांधा घासून, उतरता करून, रेड ऑक्साइडचे दोन हात दिले. पुढच्या हौद्यात तिथे पत्रा जाळीच्या चौकटीवर बाहेरून चढवीन, म्हणजे पाणी साचणारच नाही.

सगळ्या पावसाळ्यात लाल पट्टा अकरा वेळा पाळावा लागला, असं अण्णांच्या वहीत आहे. प्रत्येक खेपेचं बादलीचं वजन आणि काट्याचं वजन शेजारी शेजारी लिहिलेलं. ती वही मालकांनी युनिटच्या मॅनेजरांसमोर ठेवली आणि सुक्या मालाला टनामागे वेगळा दर मागितला. तीन बैठका झाल्या. शेवटी युनिटनेही एक बादली आणि एक काटा आणून फाटकाशी ठेवला. ओलीप्रमाणे दोन दर ठरले.

मालकांनी आता डेपोवर उंचवट्याशेजारी पत्र्याची शेड घ्यायचं ठरवलं आहे, चिप्स तीन आठवडे छपराखाली ठेवायला. तिचे खांब मिस्त्री करत आहेत. बाजू उघड्या ठेवा, वारा आरपार गेला पाहिजे, असं त्यांनी मला नकाशा काढण्याआधीच बजावलं.